इंग्रजी मीटिंगमध्ये ठामपणे बोलायचं, तर आधी वाक्य संपवायला शिका

एकाच मीटिंगमध्ये दोन माणसं बोलतात. पहिल्याचं इंग्रजी सफाईदार, शब्दांची ददात नाही, गाडी सुटली की थांबत नाही. दुसऱ्याचं इंग्रजी साधं, उच्चार मराठी वळणाचे, एखाददुसरा काळ चुकलेला. निर्णय मात्र दुसऱ्याच्या म्हणण्यावर होतो. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. पहिल्याचं प्रत्येक वाक्य 'सो... या... अँड ऑल दॅट...' करत विरून जातं. दुसरा म्हणतो, 'वी शुड नॉट साइन धिस मंथ.' आणि गप्प बसतो.

बोलण्यातला अधिकार पहिल्यांदा जाणवतो तो वाक्याच्या शेवटी. लहेजा, जडजंबाल शब्द, अचूक व्याकरण यांचा नंबर बराच नंतर लागतो. ज्यांना इंग्रजी ईमेल नीट लिहिता येतात, समोरचा काय म्हणतो ते समजतं, पण स्वतः तोंड उघडायची वेळ आली की आवाज आक्रसतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. व्याकरण इथे शिकवलेलं नाही.

पायरी पहिली: दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका

फोनवरचा रेकॉर्डर चालू करा. सध्या हातात असलेल्या कामाची स्थिती साहेबांना सांगतोय असं समजून दोन मिनिटं इंग्रजीत बोला. समोर कागद नको. मग फोन बाजूला ठेवून द्या आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर 'शी, माझा आवाज असा?' यापलीकडे मन जाणार नाही. तो धक्का सगळ्यांनाच बसतो. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो. लोक तुमचा तोच आवाज रोज ऐकतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त वाक्यांच्या शेवटाकडे लक्ष द्या: शेवटचा शब्द ऐकू येतो का, सूर वर लटकतो की खाली बसतो? दुसऱ्यांदा 'अ‍ॅक्च्युअली', 'बेसिकली', 'लाइक', 'यू नो' मोजा. तिसऱ्यांदा घड्याळ बघा: खरा मुद्दा कितव्या सेकंदाला आला? या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. व्याकरणाच्या चुका मोजू नका. त्या मोजायला बसलात की पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही.

पायरी दुसरी: 'नको' आधी सांगा

'पुढच्या महिन्यात या नव्या सप्लायरकडून माल घ्यायला नको.' मराठीत होकार-नकार वाक्याच्या टोकाला येतो. आपण ऐकताना तोवर थांबतो आणि सांगणाराही निवांत असतो. इंग्रजीत 'वी शुड नॉट' या पहिल्या तीन शब्दांतच निकाल लागतो. फरक व्याकरणापुरता राहिला असता तर प्रश्न नव्हता. पण मांडणीही आपण तशीच करतो: आधी पार्श्वभूमी, मग अडचणी, मग कोण रजेवर होतं ते, आणि सगळ्यात शेवटी तारीख पुढे गेल्याची बातमी. ऐकणारा तोवर मनातल्या मनात विचारत असतो, की बाबा, झालंय काय?

नमुना बघा. 'अ‍ॅक्च्युअली व्हॉट हॅपन्ड इज, लास्ट वीक वी सेंट द सॅम्पल, देन देअर टीम वॉज ऑन लीव्ह, सो टेस्टिंग स्टार्टेड लेट, अँड देन देअर वॉज वन मोअर इश्यू...' यातलं व्याकरण ठीक आहे. तरी बोलणारा खुलासा देणारा वाटतो, काम सांभाळणारा वाटत नाही. आता हे: 'द लाँच मूव्ह्ज बाय वन वीक, टू द ट्वेंटी-फर्स्ट. टेस्टिंग स्टार्टेड लेट. आय नीड वन मोअर टेस्टर फ्रॉम मंडे टू होल्ड दॅट डेट.' शब्द कमी, आणि त्यातही एक मागणी बसली.

अमेरिकी लष्करात या सवयीला 'बॉटम लाइन अप फ्रंट' असं नावच आहे. निष्कर्ष पहिल्या ओळीत, बाकीचं मागाहून. मीटिंगआधी वहीत चार ओळी लिहा: काय ठरवलंय, का, त्याला आधार देणारा एक आकडा, आणि समोरच्याकडून काय हवंय. या ओळी मराठीत लिहिल्या तरी चालतील. बरेचदा आपण ज्याला इंग्रजीची अडचण म्हणतो ती 'अजून ठरलेलं नाही' ही अडचण असते. चार ओळी मराठीतही लिहिता येत नसतील, तर इंग्रजी शब्द शोधून उपयोग नाही.

अपवाद एकच मानतो. समोरच्याच्या लाडक्या कल्पनेला नकार द्यायचा असेल, तर आधी एक वाक्य कारणाचं येऊ द्या. एकच. दुसरं कारण सुरू केलंत की पुन्हा जुनी गाडी.

पायरी तिसरी: सूर खाली, आणि मग शांतता

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

इंग्रजीत साध्या विधानाच्या शेवटी सूर उतरतो. तो वर राहिला तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा विचारतोय, किंवा याचं बोलणं बाकी आहे. आपल्याला बोलताना 'ना', 'हो ना', 'बरं का' जोडायची सवय. इंग्रजीत तिचं 'नो?', 'राइट?', 'ओके?' होतं आणि प्रत्येक विधान परवानगी मागत फिरतं. 'वी विल डिलिव्हर ऑन थर्सडे, नो?' मग गुरुवारी डिलिव्हरी द्यायचं नक्की कोणी ठरवलं?

सराव सोपा आहे. 'कॉस्ट, टाइम, क्वालिटी' हे तीन शब्द म्हणा: पहिल्या दोघांवर सूर किंचित वर, तिसऱ्यावर पायरी उतरल्यासारखा खाली. हे जमलं की पूर्ण वाक्य घ्या, 'वी विल डिलिव्हर ऑन थर्सडे', आणि 'थर्स'वर जोर देऊन 'डे'वर उतरा. पहिले दोन-तीन दिवस हे नाटकी वाटेल. रेकॉर्डिंग ऐकलंत की कळेल, बाहेरून ते नाटकी नसतं, नेहमीचंच वाटतं.

इथे बरेच जण मार्गारेट थॅचर यांचं उदाहरण देतात. त्यांनी सत्तरच्या दशकात आवाजाची पट्टी खाली आणायला खास प्रशिक्षण घेतलं होतं, हे खरं. पण सगळा आवाज खाली दाबायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. ओढूनताणून काढलेला खर्ज लगेच ओळखू येतो आणि घसा बसतो तो वेगळाच. आपल्या नेहमीच्या पट्टीत बोला, उतरवा फक्त वाक्याचा शेवट.

वाक्याचा शेवट विरतो त्यामागे एक निव्वळ शारीरिक कारणही असतं: हवा संपलेली असते. आपण लांबलचक वाक्य सुरू करतो, मधेच कुठेतरी घाईने श्वास घेतो, आणि शेवटचा शब्द, जो बहुधा सगळ्यात महत्त्वाचा असतो, पुटपुटल्यासारखा निघतो. श्वास पूर्णविरामावर घ्या. एका श्वासात मावेल तेवढंच वाक्य. 'अँड', 'बट', 'सो' यांनी वाक्याला वाक्य जोडायचा मोह झाला, की तिथे पूर्णविराम द्या. वेग आपोआप कमी होतो. मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द हा इंग्रजी बोलण्याचा सर्वसाधारण वेग मानतात. वेगवेगळ्या देशांतली माणसं ऐकत असतील तर त्याहून सावकाश बोललेलं बरं.

आता शांतता. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, असं त्यात दिसलं. भाषांमध्ये थोडाफार फरक होता, पण आकडे या आसपासच. म्हणूनच पूर्ण एक सेकंदाची शांतता अंगावर येते आणि आपण ती भरायला धावतो. धावताना हातातलं देऊन बसतो: 'द प्राइस इज फायनल...' एक सेकंद जातो... 'बट वी कॅन सी...' समोरच्याने काही मागितलेलंही नसतं! मी हे स्वतः केलंय, एकदा नाही, अनेकदा.

उपाय गावठी आहे, पण चालतो. वाक्य संपलं की जीभ टाळूला लावा आणि मनात तीन आकडे मोजा. जीभ अडकलेली असली की 'बट' निघत नाही.

पायरी चौथी: जोर एकाच शब्दावर

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत काही अक्षरं ठोकून म्हणतात आणि बाकीची गिळून टाकतात. सारख्या वजनाने बोललेलं इंग्रजी समजतं, पण त्यात महत्त्वाचं काय ते ऐकणाऱ्याला शोधावं लागतं.

'आय डिडन्ट अप्रूव्ह धिस बजेट' हे वाक्य तीनदा म्हणून बघा. 'आय'वर जोर दिला तर अर्थ होतो, मंजूर केलं असेल दुसऱ्या कुणी. 'अप्रूव्ह'वर दिला तर, पाहिलं होतं, मंजुरी दिली नव्हती. 'धिस'वर दिला तर, दुसरं कुठलंतरी केलं होतं. मराठीत हे काम आपण 'च' लावून करतो: 'मीच', 'हेच'. इंग्रजीत 'च' नाही, तिथे जोर हाच 'च'. वहीतल्या चार ओळींमध्ये प्रत्येकी एक शब्द अधोरेखित करा आणि बोलताना त्यावर थोडं रेंगाळा. आवाज चढवायची गरज नाही, वेळ वाढवला तरी पुरतो.

शब्दांमधल्या जोराचं बोलायचं तर यादी न संपणारी आहे. तुमच्या कामात रोज येणारे वीस शब्द काढा आणि ऑनलाइन शब्दकोशात त्यांचा उच्चार ऐका. आपल्याकडे हमखास घसरणारे काही: 'डेव्हलप' (जोर दुसऱ्या अक्षरावर, 'डिव्हेलप'सारखा), 'अ‍ॅनालिसिस' (इथेही दुसऱ्यावर, 'अनॅलिसिस', पण 'अ‍ॅनलाइझ' म्हणताना पहिल्यावर), 'एक्झिक्युटिव्ह' (दुसऱ्यावर, 'इग्झेक्युटिव्ह'). 'रेकॉर्ड' आणि 'प्रेझेंट' नाम असतील तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असतील तर दुसऱ्यावर. शेवटी 'शन' येणाऱ्या शब्दांत जोर 'शन'च्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो, आणि शेवटी 'इक' असेल तर बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या. एवढ्या दोन नियमांत ऑफिसातले ढीगभर शब्द उरकतात.

पायरी पाचवी: कुठले उच्चार सुधारायचे, कुठले सोडून द्यायचे

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशी माणसं आज जगात मातृभाषिकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. तुमच्या मीटिंगमधलेही निम्मेअधिक तसेच असतील. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी नेमका हाच प्रश्न घेतला: अशी दोन माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा कुठल्या उच्चारांमुळे समजण्यात अडथळा येतो? २००० साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत आपल्याला हायसं वाटावं असं बरंच आहे. 'थिंक', 'धिस' म्हणताना जीभ दातांतून बाहेर काढायची जी कसरत शिकवतात, ती समजण्याच्या दृष्टीने फारशी गरजेची नाही. गरज आहे ती स्वरांच्या लांबीची, शब्दातली जोडाक्षरं न गाळण्याची, वाक्यात योग्य शब्दावर जोर देण्याची, आणि शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना थोडी हवा देण्याची.

ही हवेची गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम समजून घ्यावी. आपल्याकडे क आणि ख, प आणि फ हे वेगळे वर्ण, म्हणून 'पॅक'मधला प आपण अगदी कोरडा म्हणतो. इंग्रजी कानाला कोरडा प कधीकधी ब वाटतो, आणि 'पॅक'चं 'बॅक' होतं. तोंडासमोर तळहात धरून 'पॅक', 'टाइम', 'कॉस्ट' म्हणा. तळहाताला फुंकर जाणवली पाहिजे. ख म्हणण्याइतकी नको, त्याच्या निम्मी पुरे.

स्वरांची लांबी: 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'फिल' आणि 'फील'. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ शुद्धलेखनात कसोशीने पाळतो आणि बोलताना सोडून देतो. इंग्रजीत ते बोलतानाच पाळायचं असतं. 'आय अ‍ॅम नॉट लीव्हिंग हिअर' आणि 'लिव्हिंग हिअर' यांत नोकरी सोडण्याइतका फरक आहे.

व्ही आणि डब्ल्यूचा घोळ आपल्या लिपीने वाढवलाय. 'व्हॅल्यू' आणि 'व्हाइट' दोन्ही आपण 'व्ह'नेच लिहितो, पण पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि दुसऱ्यात ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होतात, दात लागत नाहीत. 'व्हेन', 'व्हॉट', 'व्हाय' सगळे दुसऱ्या घरातले.

आणि शब्दाच्या टोकाचे 'ड' आणि 'ट'. 'वी फिनिश्ट द ऑडिट' म्हणताना तो शेवटचा 'ट' गिळला तर 'वी फिनिश' उरतं. काम झालं की व्हायचंय, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. इथेही पुन्हा शेवट गिळल्याचाच भुर्दंड.

बाकी लहेजा जसा आहे तसा राहू द्या. उसना अमेरिकन लहेजा पाच मिनिटं टिकतो, मग एखाद्या अवघड प्रश्नाला गळून पडतो, आणि त्या क्षणी बोलणारा उघडा पडतो.

पायरी सहावी: आकडे, तारखा, वेळा

आकडा चुकला की सगळा रुबाब गेला. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर जवळजवळ सारखे ऐकू येतात. 'टीन'वर जोर द्या आणि शेवटचा न स्पष्ट म्हणा. 'फिफ्टी'त जोर सुरुवातीला. तरीही शंकेला जागा ठेवू नका: 'फिफ्टीन, वन-फाइव्ह.' एकदा माझ्या तोंडच्या पंधरा दिवसांचे इतिवृत्तात पन्नास झाले होते. ते निस्तरायला जो वेळ गेला, त्यानंतर हे शेपूट मी न चुकता जोडतो.

लाख-कोटीतले आकडे मीटिंगआधीच बदलून ठेवा, बोलता बोलता मनात गुणाकार नको. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. स्लाइडवरचे स्वल्पविरामही त्या पद्धतीने, दर तीन अंकांनी द्या.

०५/०७ ही तारीख अमेरिकी माणूस ७ मे वाचतो आणि ब्रिटिश माणूस ५ जुलै, म्हणून महिना नावानेच सांगा. ब्रिटिश माणसाच्या 'हाफ सेव्हन'चा अर्थ साडेसात. जर्मन माणसाच्या डोक्यात मात्र त्याच धर्तीच्या त्याच्या शब्दांचा अर्थ साडेसहा असतो. 'बायवीकली' आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर इंग्रजांचंच एकमत नाही. 'नेक्स्ट फ्रायडे'ची तीच गत. वार, तारीख, वेळ आणि टाइम झोन सगळं सांगा. कुणी तुम्हाला फार काटेकोर म्हणालं तर म्हणू द्या.

पायरी सातवी: कच खाणारे शब्द, आणि हुकूम वाटणारे शब्द

१९७५ साली रॉबिन लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 'काइंड ऑफ', 'आय गेस', शेवटी जोडलेले प्रश्न अशा शब्दांना स्त्रियांच्या बोलण्याचं लक्षण म्हटलं. पुढे विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या न्यायालयांत साक्षीदारांचं बोलणं तपासलं आणि १९८० साली वेगळंच मांडलं: हे शब्द पुरुषांच्या तोंडीही येतात, आणि ज्यांचं समाजातलं स्थान कमी किंवा कोर्टाचा अनुभव नाही, त्यांच्या तोंडी जास्त. थोडक्यात, ऐकणारा या शब्दांवरून तुमचं वजन जोखतो.

म्हणून चाळणी लावा. 'आय जस्ट वाँटेड टू आस्क'मधला 'जस्ट वाँटेड टू' उडवा आणि सरळ विचारा. 'सॉरी फॉर माय इंग्लिश' कधीही म्हणू नका. समोरच्याचं लक्ष तोवर मुद्द्यावर होतं, आता ते चुका शोधू लागेल. 'आय विल ट्राय' हे तर आपल्या 'बघतो'चंच भाषांतर आहे. 'बघतो'चा अर्थ आपल्याला सुरावरून कळतो, परक्याला कळत नाही. त्याऐवजी 'आय विल कन्फर्म बाय फोर' म्हणा. काम होईल की नाही हे माहीत नसलं तरी चारपर्यंत कळवणं तुमच्या हातात आहे.

पण सगळ्याच शंका उपटून टाकू नका. खरी अनिश्चितता नेमकी सांगितली की वजन वाढतं: 'टू वीक्स, इफ द सर्टिफिकेट कम्स ऑन टाइम. फोर, इफ इट डझन्ट.' ही अट आहे आणि ती घालणारा माणूस तयारीचा वाटतो. 'मेबी टू वीक्स, आय थिंक' ऐकून मात्र बोलणारा डळमळीत वाटतो.

आता उलटी बाजू, जी सहसा कुणी सांगत नाही. मराठीत 'फाइल पाठवा' म्हटलं तर त्या 'वा'मध्येच आदर असतो. 'पाठव' आणि 'पाठवा' यांतलं अंतर आपण क्रियापदाच्या टोकावर ठेवलंय. इंग्रजीत ते टोकच नाही. 'सेंड मी द फाइल' म्हटलं की तुमच्या मनातला 'वा' वाटेत गळतो आणि पोचतो तो नुसता हुकूम. 'काइंडली' लावल्याने तो सौम्य होत नाही, फक्त सरकारी होतो. विनंती प्रश्नाच्या रूपात करा: 'कुड यू सेंड मी द फाइल बाय फोर?' हे कच खाणं नव्हे. मोठ्या पदावरची माणसंही असंच बोलतात, आणि वेळ ठरवून दिलेली असल्यामुळे त्यातला ठामपणा कुठे जात नाही.

जाता जाता आपल्या काही शब्दांबद्दल. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', शंका या अर्थाने 'डाउट', उत्तर देईन या अर्थाने 'आय विल रिव्हर्ट': आपसात बोलताना यांत काही चुकीचं नाही. बाहेरच्याला मात्र 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं वाटतं आणि 'आय हॅव अ डाउट' म्हणजे अविश्वास. त्याच्याशी बोलताना 'आय हॅव अ क्वेश्चन' आणि 'आय विल रिप्लाय टुमॉरो' म्हणा. असे घोळ मातृभाषिकांतही होतात बरं. 'लेट्स टेबल इट' म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं.

पायरी आठवी: अडचणीचे क्षण आधीच पाठ करा

उत्स्फूर्त बोलण्याची अपेक्षा असते तिथेच पाठांतर सगळ्यात कामी येतं. पुढची वाक्यं जिभेवर बसेपर्यंत म्हणा.

कुणी मधेच तोडलं: 'लेट मी फिनिश धिस पॉइंट.' आवाज चढवायचा नाही, होता त्याच वेगात पुढे जायचं आणि खरोखर मुद्दा संपवायचा. मुद्दा संपवतो म्हणून आणखी तीन मुद्दे काढलेत, तर पुढच्या वेळी तोडलं जाणं तुम्हीच ओढवून घेतलं.

चर्चेत शिरायला फटच मिळत नाही: 'कॅन आय से समथिंग?' विचारून वाट बघत बसू नका. विषयाचा शब्द पुढे करून थेट आत या: 'ऑन द प्राइस, वन थिंग.' कान विषयाकडे वळतात आणि तोवर तुम्ही बोलू लागलेले असता.

उत्तर माहीत नाही: 'आय डोन्ट हॅव दॅट नंबर विथ मी. यू विल हॅव इट बाय फाइव्ह टुडे.' आणि पाचला द्या. इंग्रजी कच्चं असलेल्या माणसाची पत या एका वाक्यावर उभी राहू शकते.

प्रश्न समजला नाही: 'यस, यस' म्हणून मान हलवणं सगळ्यात महाग पडतं, आणि 'पार्डन?' तीनदा विचारणं अवघड होतं. दोन पर्याय समोर ठेवा: 'आर यू आस्किंग अबाउट द कॉस्ट ऑर द टाइमलाइन?' दोन्ही चुकीचे असले तरी समोरचा आता सोप्या शब्दांत सांगेल, आणि तुम्ही गोंधळलेले न वाटता नेमकेपणाचा आग्रह धरणारे वाटाल.

मत पटत नाही: 'आय सी इट डिफरंटली.' पूर्णविराम. मग एक कारण. 'यू आर राँग' नको, आणि 'आय टोटली अग्री बट' तर नकोच. 'बट' आला की आधीची सगळी सहमती खोटी ठरते.

ऐन वेळी शब्द आठवला नाही तर वर्णन करून पुढे चला: 'द पर्सन हू चेक्स द अकाउंट्स' म्हटलं तरी 'ऑडिटर' पोचतो. डोळे छताला लावून शब्द शोधत बसणं लक्षात राहतं, वर्णन राहत नाही.

रोजचा सराव

दिवसाला पंधरा मिनिटं, पण रोज. दहा मिनिटं एखाद्या वक्त्याच्या मागोमाग बोला: त्याचं बोलणं हेडफोनवर लावायचं आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तेच शब्द, त्याच सुरात म्हणत जायचं. वक्ता निवडताना आपल्यासारखाच, इंग्रजी नंतर शिकलेला पण स्वच्छ बोलणारा निवडा. त्याच्या पावलावर पाऊल टाकणं जमतं, बातमीदाराच्या सुसाट वेगामागे धाप लागते. उरलेल्या पाच मिनिटांत दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमधल्या आपल्या बोलण्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणा. मधलं पाठ करू नका. पाठ केलेलं कुठेतरी तुटतं आणि मग सगळंच जातं.

दर रविवारी पहिल्या पायरीतलं रेकॉर्डिंग पुन्हा करा, त्याच तीन कसोट्यांवर. दीडेक महिन्यात सगळ्यात आधी 'अ‍ॅक्च्युअली' कमी झालेले दिसतील. सूर उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण ती सवय मराठी बोलतानाही आपल्यासोबत असते. रोजच्या मराठीतही वाक्याच्या शेवटचे 'ना' मोजून बघा, चांगला सराव होतो.

व्हिडिओ कॉलवर बोलायचं असेल आणि सोय असेल, तर उभे राहा, श्वास मोकळा होतो. बोलणं संपताना कोण, काय, कधी एवढंच सांगा: 'आय विल सेंड द रिव्हाइज्ड प्लॅन बाय वेन्सडे. यू विल कन्फर्म द बजेट बाय फ्रायडे. थँक यू.' मग 'ओके... या... थँक यू सो मच... ओके, बाय... बाय बाय' ही शेपटी न लावता लाल बटण दाबा.